‘गाव-गाडा’ आणि पूर्वजांचे धंदे

भोकरकडच्या एखाद्या कुटुंबाने पणजोबांचा धंदा शोधायचे मनावर घेतले, की निजामी अमदानीतील उर्दू कागद आणि जुनी मोडी दप्तरे समोर येतात. कोणी वाचून दिलीच, तर हाती एखादा शब्द लागतो : येसकर, तराळ, जिनगर. जिनगर म्हणजे खोगिरे करणारा, हे घोडे गेल्यावर कोण सांगणार? अशा वेळी त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गाव-गाडा’ (१९१५) हाताशी असावा, असे आम्हांस वाटते. मात्र तो सावधपणे वाचावा.

आत्रे इंग्रजी मुलखातील. भोकर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात. तरीही अलुत्या-बलुत्यांची घडण दोन्हीकडे पुष्कळशी सारखी असल्याने ग्रंथ इकडेही उपयोगी पडतो. त्याचे बळ तपशिलात आहे. कोणाचे काम कोणते, खळ्यावर हक्क किती, सणाला मान कोणाचा, हे तो सांगतो. येसकराने वेस राखायची, तराळाने निरोप पोचवायचे, आल्यागेल्याचे ओझे वाहायचे. कोशातल्या एका ओळीत न मावणारे श्रम येथे दिसतात.

पण हा सारा हिशेब कुणब्याच्या आणि कचेरीच्या बाजूने मांडलेला आहे. बलुतेदार शेतकऱ्यावरचा भार ठरतो. गावोगाव हिंडून पोट भरणारे ‘फिरस्ते’ तर संशयितच. याच लेखकाने १९११ साली ‘गुन्हेगार जाती’ लिहिले होते, हे विसरून चालणार नाही. ज्याचे पूर्वज या पानांत आहेत, त्याला त्यांची बाजू येथे मिळत नाही. आमच्या मते ग्रंथाचा हा मोठाच उणेपणा होय.

शिवाय गावात धंद्याचे नाव तेच जातीचे नाव. ‘कुणबी’ म्हणजे कसणारा की जात, हा प्रश्न २०२३ साली न्या. संदीप शिंदे समिती मराठवाड्यातील जुन्या नोंदी तपासू लागली तेव्हा घरोघर पोचला. तेथे नोंद सापडावी अशी धडपड होती; आपल्यापैकी काही घरांत मात्र ती सापडू नये अशीच इच्छा असते. तराळकी सांगायची लाज वाटते. नाझरेथकरांनीही सुतारकीचा उल्लेख येशूला कमी लेखण्यासाठीच केला होता.

स्नानसंस्काराच्या अनेक नोंदवह्यांत पित्याच्या व्यवसायाचा रकाना असतो. तेथे ‘मजूर’ एवढेच आढळले, तर आत्र्यांचे बलुत्यांविषयीचे लेखन घरातील वृद्धांना वाचून दाखवावे. कोणत्या कामाशी ते थबकतात आणि आत्र्यांना कुठे खोडून काढतात, ते लिहून घ्यावे.