द्राक्षासवाचे त्रैमासिक

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला नातेवाईक दोनच कामं सांगतात. दिवाळीला कोऱ्या नोटांचं बंडल आण, आणि हा कागद वाचून यात कुठं फसवणूक आहे ते सांग. बी.कॉम. या पदवीचा समाजाला ठाऊक असलेला उपयोग एवढाच. त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या माझ्या भाच्यानं तीन पत्रकं पाठवून 'मामा, यातलं बाबांना कोणतं द्यावं, जरा बघून सांग' असं कळवलं, तेव्हा मला नवल वाटलं नाही. चष्मा पुसला आणि सवयीप्रमाणे शेवटच्या पानापासून वाचायला बसलो.

पत्रकं वाइन क्लबच्या सभासदत्वाची होती.

क्लब म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर पत्ते, तंबोरे आणि हिरवं फेल्ट लावलेलं टेबल आलं. तसं काही नसतं. हा प्रकार मासिकाच्या वर्गणीसारखा आहे. तुम्ही पैसे भरायचे आणि घरी बसायचं. दर तीन महिन्यांनी खोक्यात घालून चार किंवा सहा बाटल्या येतात. कोणत्या यायच्या ते बहुतेक ठिकाणी क्लबच ठरवतो, जसा अंकात काय छापायचं ते संपादक ठरवतो. फरक इतकाच, की न आवडलेला अंक रद्दीत घालता येतो आणि रद्दीवाला त्याचे पैसे देतो.

भाऊजींना पासष्टावं लागणार होतं. भाच्याचं म्हणणं असं, की एकदाच काहीतरी देऊन मोकळं होण्यापेक्षा दर तीन महिन्यांनी माझ्याकडून काहीतरी त्यांच्या दाराशी यायला हवं.

दार म्हणजे नेऱ्याचं. मुळशी तालुक्यातलं नेरे. हिंजवडीत नोकरी असताना ऑफिस जवळ पडावं म्हणून भाच्यानं तिथं अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. हप्ते सुरू झाले आणि दीड वर्षात त्याचं ऑफिसच सान होजेला गेलं. मग चिंचवडची जागा भाड्यानं देऊन ताई आणि भाऊजी त्या फ्लॅटमध्ये राहायला आले. एका गॅलरीतून हिंजवडीच्या काचेच्या इमारती दिसतात, दुसरीतून भातखाचरं आणि त्यापलीकडे कासारसाईच्या धरणाची बाजू. छत्तीस वर्षं कारखान्यात यंत्रांचा आवाज ऐकलेले भाऊजी आता या दुसऱ्या गॅलरीत बसून लोकांची लावणी किती मागे पडली याची मोजदाद करतात. फोन वाजला तर तो बहुधा गेटवरच्या वॉचमनचा असतो. 'काका, पार्सल आलंय.'

आता पत्रकांकडे वळू.

पहिलं भाच्याच्या स्वतःच्या क्लबचं, नमुन्यादाखल. वाङ्मय म्हणून हे तिन्हींत सरस. एका तांबड्या वाइनच्या वर्णनात तंबाखू, चामडं, ओली माती आणि देवदाराची पेटी हे सगळं एका वाक्यात आलं होतं. आमच्या शाखेतल्या एका जुन्या शिपायाच्या पिशवीला अगदी हाच वास यायचा, पण त्याची कोणी वर्गणी भरल्याचं मला आठवत नाही. दुसरं पत्रक नाशिककडचं. त्यानं ही भाषा जशीच्या तशी उचललेली. पांढऱ्या सोव्हिन्यों ब्लांला म्हणे 'गूजबेरी'चा स्वाद. गूजबेरी म्हणजे आपल्याकडे कोणी आवळा समजतं, कोणी रसभरी. आणि लिहिणाऱ्याच्या मनात तिसरंच फळ असतं, जे नाशिकच्या बाजारात कोणी पाहिलेलं नाही. याच वाइनला ढोबळी मिरचीचा वास असतो असं जाणकार म्हणतात आणि ते खरं आहे, द्राक्षात आणि मिरचीत एकाच जातीचं द्रव्य असतं. मग तसं लिहा की! करवंद, जांभूळ, कोकम, इंद्रायणी तांदळाच्या वाफेचा वास, एवढी सामग्री दाराशी असताना पुण्याच्या माणसाला देवदाराची पेटी हुंगायला लावायचं कारण काय?

तिसरं पत्रक इंग्लंडच्या 'वाइन सोसायटी'चं. नेऱ्याला बाटली पोचवण्याची त्यांची काही सोय नाही, भाच्यानं ते केवळ तुलनेसाठी जोडलं होतं. पण खरं सांगतो, जीव जडला तो यावरच. १८७४ साली लंडनला आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं होतं, तेव्हाची पोर्तुगालची पिंपं अल्बर्ट हॉलच्या तळघरात तशीच राहिली. ती खपवायला म्हणून जेवणावळी घातल्या आणि त्यातून ही संस्था निघाली. संस्था सहकारी! सभासदानं एक शेअर घ्यायचा, तो हयातभर पुरतो. दर तीन महिन्यांनी अमुक घ्याच अशी सक्ती नाही, हवं तेव्हा हवं ते मागवा. आमच्याकडे प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला १९५० च्या सुमाराला. म्हणजे साहेबानं सहकार आधी बाटलीत आणला आणि आपण नंतर पोत्यात.

पण आजीव सभासदत्वाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो, आपलं महाराष्ट्र शासन हाही एक वाइन क्लबच आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि त्यानुसार पिणाऱ्याला परवाना लागतो. एक दिवसाचा, एक वर्षाचा, आजीव, अशा रीतसर श्रेणी आहेत. एक दिवसाच्या परवान्यावर पाच रुपये छापलेले मी स्वतः पाहिलेत. आणि परवाना कशासाठी, तर धारकाच्या प्रकृतीच्या रक्षणासाठी. ताईला हे वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "मग आई आपल्याला द्राक्षासव द्यायची तेच की हे!" द्राक्षासवाची बाटली आमच्या घरी देवघराखालच्या फडताळात असायची. सर्दी झालेली नसतानाही खोकण्याची कला मी तिच्यामुळेच शिकलो.

२०२२ च्या जानेवारीत मोठ्या सुपरमार्केटात वाइन ठेवू द्यायचा निर्णय मंत्रिमंडळानं केला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता ते तुम्हाला आठवत असेल. वाइन ही दारू की शेतमाल, यावर आमच्या शाखेत जेवणाच्या सुट्टीत दोन तट पडले होते. ज्यांनी ती कधी चाखली नव्हती ते जास्त ठाम होते.

असो. मूळ प्रश्न निवडीचा. स्वतःसाठी क्लब निवडायचा असेल तर हिशेब सोपा आहे. एका बाटलीमागे पडतात किती, पोचवण्याचा खर्च त्यात धरलाय का, न आवडलेली बदलून देतात का, आणि बंद करायचं म्हटलं तर बंद करू देतात का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नेहमी शेवटच्या पानावर, मुंगीच्या आकाराच्या अक्षरांत असतं. शिवाय पुण्याचा उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यात टेम्पोत दोन दिवस भाजलेली वाइन आणि शिरका यांत फार अंतर राहत नाही. तेव्हा त्या तिमाहीचं खोकं मागे-पुढे करता येत असेल तरच सही करावी. आपल्याकडे द्राक्षाची तोड जानेवारी ते मार्च, त्यामुळे पांढरी वाइन ताजी असतानाच घेऊन संपवलेली बरी.

भेट म्हणून द्यायचं झालं की हा सगळा हिशेब उलटा होतो, आणि तिन्ही पत्रकांनी हे कुठंच सांगितलेलं नाही. 'भेट द्या' या मथळ्याखाली लाल फितीचं चित्र छापलं की त्यांचं काम संपलं. यात पैसे भरणारा एक, पिणारा दुसरा. ज्याला नको असतं त्याला बंद करता येत नाही, आणि ज्याला बंद करता येतं त्याला नको आहे हे कळत नाही. मुदत संपली की कार्डावरून आपोआप पुढची वर्गणी. ही अट आमच्या बँकेला सुचली असती तर आम्हीही लाल फीत छापली असती.

मी नेऱ्याचं पान उघडून जमाखर्च मांडला. तीन महिन्यांना सहा, म्हणजे वर्षाला चोवीस बाटल्या. बाटली साडेसातशे मिलिलिटरची, दीडशेच्या मापानं पाच पेले. एकूण एकशे वीस. ताई घेत नाही. भाऊजी घेतलाच तर आठवड्याला एक पेला. बावन्न वजा केले तर अडुसष्ट शिल्लक. आणि ही शिल्लक पुढं ओढता येत नाही! उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवली तरी तीन-चार दिवसांत उतरते. गेल्या वर्षी भाच्यानं एक पाठवली होती. लग्नाच्या वाढदिवसाला उघडली. भाऊजींनी एक पेला घेतला, मी एक. उरलेली इडलीच्या पिठाशेजारी आठवडाभर उभी होती. नंतर ताईनं ती मनी प्लँटला घातली. मनी प्लँट वाचला, पण त्या दिवसापासून जरा वाकडा वाढतोय.

बाटली पाच पेल्यांची असते, ही गोष्ट मला हिशेबाच्या वहीतच कळली. एकट्या माणसाच्या बेतानं ती केलेलीच नाही. ती उघडायला समोर आणखी तिघं-चौघं बसलेले लागतात.

रविवारी मी पत्रकं घेऊन नेऱ्याला गेलो. भेटवस्तू गुपित ठेवायची असते, पण ताईला सांगितलेलं गुपित भाऊजींना लेखी कळवल्यासारखंच असतं. त्यांनी नाशिकचं पत्रक हातात घेतलं, उलटसुलट केलं.

"काय हो बँकवाले, हा सुला म्हणजे नाव कसलं?"

म्हटलं, मालकाच्या आईचं. सुलभा. राजीव सामंत नावाचा मुलगा, कॅलिफोर्नियात ओरॅकलमध्ये नोकरीला होता. ती सोडून नाशिकला घरच्या जमिनीवर आला. आधी आंबे वगैरे करून बघितले, मग १९९७ च्या सुमाराला द्राक्षं लावली, २००० साली पहिली वाइन निघाली. मी हे सगळं पासबुकातल्या नोंदीसारखं भराभर वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर लक्षात आलं की नको होतं वाचायला.

भाऊजी थोडा वेळ गॅलरीकडे बघत होते.

"आला परत?"

"आला."

"आईचं नाव दिलं म्हणता." एवढं बोलून त्यांनी पत्रकाची बरोबर मधोमध घडी घातली आणि टीपॉयवरच्या पेपराखाली ठेवली. ताई आतून म्हणाली, चहा टाकते. ती रडत नव्हती, पण चहात साखर दोनदा पडली होती.

त्या रात्री मी भाच्याला लिहिलं. मजकूर बँकेच्या पत्रासारखाच होता, मला दुसऱ्या प्रकारचं पत्र लिहिता येत नाही. लिहिलं, की घरपोच तिन्ही योजना तपासल्या, शिफारस करता येत नाही, कारण माल येतो पण खपवायला घरात माणूस नाही. त्याऐवजी सभासदत्व तू तुझ्याच नावानं घे. अमेरिकेतल्या क्लबांत खोकं स्वतः येऊन घेऊन जायची सोय असते, तुझ्या पत्रकाच्या चौथ्या पानावर ती आहे. नाशिकलाही वायनरीत जाऊन बसता येतं, चाखता येतं, घेऊन येता येतं. तोड जानेवारीअखेर सुरू होते. नेऱ्याहून नाशिक गाडीनं जेवणाच्या वेळेला गाठता येतं. बाबांना पुढच्या सीटवर बसव, मी मागं बसेन. पाचवा पेला कोणाचा ते आपण तिथं ठरवू. ताईला द्राक्षं.

चार दिवस उत्तर नाही. मला वाटलं, मामा हद्द ओलांडून बोलला. पाचव्या दिवशी पहाटे साडेपाचला मोबाइल वाजला. 'फेब्रुवारीत दोन आठवडे रजा मागितली आहे. मिळाली की कळवतो. बाबांना इतक्यात सांगू नकोस.'

मी ताईला सांगितलं.