अर्थशास्त्रातलं राज्य म्हणजे मौर्यांचं राज्य नव्हे

नेट-सेटच्या कुठल्याही गाइडमध्ये ‘मौर्यांचे प्रशासन’ हे प्रकरण काढा. अठरा तीर्थे होती, शेतीवर सीताध्यक्ष होता, दारूवर सुराध्यक्ष होता, मंत्र्याला ४८,००० पण वेतन होतं. सगळं ‘होतं’ आणि ‘होता’. हीच वाक्यं पुढे तुमच्या सिनॉप्सिसमध्ये उतरतात, आणि घोळ तिथेच होतो.

हा तपशील कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला आहे. शामशास्त्रींनी १९०९ मध्ये ते छापलं, आर. पी. कंगले यांची चिकित्सक आवृत्ती मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ दरम्यान तीन भागांत काढली. ती उघडून बघा. राजाने असं करावं, अध्यक्षाने तसं करावं, असा तिचा सूर आहे. चंद्रगुप्ताचं किंवा पाटलिपुत्राचं नाव नाही. शेवटी नंदांचा उल्लेख येतो खरा, पण तेवढ्याने वेतनाचे आकडे मौर्यांचे ठरत नाहीत. शिवाय मंडल-सिद्धांत घ्या: शेजारचा राजा शत्रू, त्याच्या पलीकडचा मित्र. हे अनेक राज्यांचं जग आहे, एकछत्री साम्राज्याचं नाही. थोडक्यात, हे कल्पिलेलं राज्य आहे.

उलट अशोक पाचव्या शिलालेखात स्वतः सांगतो, की अभिषेकाला तेरा वर्षं झाल्यावर त्याने धम्ममहामात्र नेमले. हे पद अर्थशास्त्रात सापडत नाही.

आता आपल्या भागाकडे या. अड्याळ ज्या पवनी तालुक्यात येतं, त्या पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात स्तूप सापडला. दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं आहेत. पवनीच्याच पुढच्या काळातल्या लेखांत महाक्षत्रप कुमार रूपिअम्म आणि भार राजा भगदत्त भेटतात. ‘पवनी परिसरात मौर्यांचा सीताध्यक्ष शेती बघत असे’ असं तुम्ही लिहिलंत, तर पुरावा नसलेला अधिकारी इथे बसतो, आणि ज्यांची नावं दगडावर आहेत ती माणसं मागे पडतात.

मग अर्थशास्त्र टाकून द्यायचं का? मुळीच नाही. राज्याने काय मोजावं, कशावर कर घ्यावा, कोणाची भीती बाळगावी, याचा विचार त्या काळी कसा होत होता, हे त्यातून उत्तम कळतं. फक्त ‘मौर्यकाळात होतं’ऐवजी ‘अर्थशास्त्र सांगतं’ असं लिहा.

आजच आपला सिनॉप्सिस काढा. प्रत्येक ‘होते’खाली रेघ मारा आणि समासात लिहा: लेख, उत्खनन की ग्रंथ? ज्या रेघेपुढे काहीच लिहिता येणार नाही, ते वाक्य गाइडला विचारण्याआधी स्वतःच काढून टाका.