दत्तक बाहुल्यांची आई
संग्राहक आजही जपून ठेवतात त्या 'कॅबेज पॅच' बाहुल्यांसाठीं सन १९८३ च्या नाताळांत अमेरिकेंत झुंबड उडाली होती. झेवियर नांवाच्या मुलास हीं बाळें कोबीच्या मळ्यांत सांपडलीं, अशी त्यांची जन्मकथा. सोबत दत्तकपत्रही मिळे. कथा गोड आहे, परंतु तींत आईच नाहीं. बाहुल्यांचे जनक म्हणविणारे झेवियर रॉबर्ट्स यांच्या अगोदर केंटकीच्या मार्था नेल्सन अशींच कापडी बाळें शिवून दत्तकपत्रासह देत; रॉबर्ट्स यांनीं तीं आपल्या दुकानांत विकलींही होतीं. नेल्सनबाईंनीं १९७९ मध्यें लावलेला दावा १९८५ मध्यें तडजोडीनें मिटला. तथापि दत्तकविधानाचें एवढें कौतुक करणाऱ्या कथेनें जन्मदात्रीस वगळावें, हें आम्हांस अन्यायाचें वाटतें. संग्राहकांनीं तरी तिचें नांव जपावें.