सार्वजनिक निधीतील प्रादेशिक विकास कार्यक्रम आणि पर्यावरण व्यवस्थापन प्रणाली : नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सक अभ्यास

सारांश : शासकीय निधीतून राबविल्या जाणाऱ्या प्रादेशिक विकास कार्यक्रमांत पर्यावरणाचा विचार बहुधा मंजुरीच्या वेळच्या अटींपुरता राहतो. अटींची पडताळणी आणि पडताळणीनंतरची दुरुस्ती या दोन पायऱ्या दुर्बल राहतात. प्रस्तुत लेखात सरदार सरोवर प्रकल्प, आकांक्षित जिल्हा कार्यक्रम, जलयुक्त शिवार अभियान आणि जिल्हा पर्यावरण आराखडा यांच्या आधारे या दुर्बलतेची चिकित्सा केली आहे. नंदुरबारसारख्या अनुसूचित क्षेत्रात पडताळणीचे अधिकारस्थान ग्रामसभा हेच असू शकते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : पर्यावरण व्यवस्थापन प्रणाली, प्रादेशिक विकास, सरदार सरोवर, पेसा, जिल्हा नियोजन समिती.

१. प्रस्तावना

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे सहा तालुके असलेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार १६,४८,२९५ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. उत्तरेस नर्मदा, मध्यभागी सातपुड्याच्या रांगा आणि दक्षिणेस तापीचे खोरे अशी जिल्ह्याची रचना आहे. अक्राणी व अक्कलकुव्यातील डोंगरउतारावरची पातळ माती, उरलेले जंगल आणि पावसाळी नाले यांवरच तेथील कोरडवाहू शेती व पशुपालन उभे आहे. येथे माती वाहून गेली किंवा जंगल तुटले, तर त्याचे पर्यवसान थेट स्थलांतरात होते.

आदिवासी उपयोजना, जिल्हा वार्षिक योजना, रोजगार हमी, पाणलोट विकास, रस्ते व सिंचन या सर्व मार्गांनी जिल्ह्यात सार्वजनिक निधी येत असतो. तो किती खर्च झाला याची नोंद मोजमाप पुस्तिकेत व उपयोगिता प्रमाणपत्रात होते. मात्र त्या खर्चाने जमीन, पाणी व जंगल यांचे काय झाले, हे सांगणारा कोणताही कागद त्या प्रमाणपत्राला जोडलेला नसतो. ही उणीव पर्यावरण व्यवस्थापन प्रणालीने भरून निघेल काय, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न होय. लेखासाठी कायदे, न्यायनिर्णय व प्रसिद्ध अहवाल या द्वितीयक साधनांचा आधार घेतला आहे.

२. प्रणालीची संकल्पना व तिच्या मर्यादा

पर्यावरण व्यवस्थापन प्रणाली म्हणजे एखाद्या संस्थेने आपल्या कामाचे पर्यावरणावरील परिणाम ओळखणे, त्यांबाबत उद्दिष्टे ठरविणे, कृती करणे, परिणाम तपासणे आणि आढळलेल्या त्रुटी दुरुस्त करणे, असे अखंड चालणारे चक्र होय. ब्रिटनचे बीएस ७७५० हे मानक १९९२ साली आले. युरोपीय समुदायाची ‘इमास’ ही योजना १९९३ ची, तर आयएसओ १४००१ हे आंतरराष्ट्रीय मानक १९९६ चे असून त्याच्या सुधारित आवृत्त्या २००४ व २०१५ साली निघाल्या.

ही मानके प्रामुख्याने कारखान्याला डोळ्यांसमोर ठेवून घडली. कारखान्याला एक कुंपण, एक व्यवस्थापन व एक हिशेब असतो. प्रादेशिक कार्यक्रमाला यांपैकी काहीच नसते. एकाच नाल्यावर वरच्या बाजूला वन विभागाचे चर, मध्ये कृषी विभागाचा मातीनाला बांध आणि खाली जलसंधारण विभागाचा सिमेंट बांध असू शकतो. प्रत्येकाचे काम आपापल्या कागदात पूर्ण असते, परंतु संपूर्ण नाल्याचा हिशेब कोणाकडेच नसतो. शिवाय आयएसओ १४००१ हे मानक पर्यावरणीय कामगिरीची कोणतीही किमान पातळी ठरवून देत नाही, ते केवळ कार्यपद्धती तपासते. त्यामुळे एखाद्या कार्यालयाने प्रमाणपत्र मिळविले म्हणून त्याच्या क्षेत्रातील माती वाचली असे म्हणता येत नाही.

युरोपीय संघाने ही अडचण काही प्रमाणात ओळखली. तेथे २००१ च्या निर्देशाने प्रकल्पांपुरते न थांबता योजना व कार्यक्रम यांचेही पर्यावरणीय मूल्यमापन बंधनकारक केले आणि अंमलबजावणीच्या काळात अनपेक्षित दुष्परिणाम दिसल्यास उपाय योजता यावेत म्हणून देखरेखीची तरतूद केली. भारतात १९९४ ची व नंतर १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचना प्रामुख्याने स्वतंत्र प्रकल्पांना लागू होते. शेकडो लहान कामांनी बनलेला कार्यक्रम तिच्या जाळ्यातून सहज निसटतो, कारण त्यातील प्रत्येक काम मर्यादेपेक्षा लहान असते.

३. सरदार सरोवर : अटी होत्या, दुरुस्तीचा अधिकार नव्हता

प्रकल्प मोठा असला म्हणजे चक्र पूर्ण होते, असेही नाही. सरदार सरोवर हा आंतरराज्य प्रकल्प असला तरी त्याच्या बुडिताचा महाराष्ट्रातील सर्व भार आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा व अक्राणी या दोन तालुक्यांतील ३३ गावांनी सोसला. नर्मदा पाणी तंटा लवादाचा निवाडा १९७९ चा. पर्यावरण मंत्रालयाने जून १९८७ मध्ये मंजुरी दिली तेव्हा आवश्यक माहिती अपुरी होती. उर्वरित अभ्यास १९८९ पर्यंत पूर्ण करावेत आणि पाणलोट क्षेत्र उपचार, पर्यायी वनीकरण इत्यादी उपाय बांधकामाच्या बरोबरीने राबवावेत, अशा अटी घालण्यात आल्या. देखरेखीसाठी नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाचा पर्यावरण उपगट होता. म्हणजेच नियोजन, कृती व पडताळणी या तिन्ही पायऱ्या कागदोपत्री उपलब्ध होत्या.

प्रत्यक्षात काय घडले? जागतिक बँकेने १९८५ साली प्रकल्पासाठी कर्ज मंजूर केले होते. बँकेनेच नेमलेल्या ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र समितीने १९९२ साली पुनर्वसन व पर्यावरण या दोन्ही बाबतींत गंभीर उणिवा दाखविल्या. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उर्वरित कर्ज घेण्याचे थांबविले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरले. या वादातूनच बँकेला बाधितांच्या तक्रारी ऐकणारे तपासणी मंडळ १९९३ साली स्थापन करावे लागले. अक्कलकुव्यातील एका गावाच्या प्रश्नाने वॉशिंग्टनमधील कार्यपद्धती बदलली, परंतु नंदुरबारमध्ये तशी कोणतीही यंत्रणा उभी राहिली नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २००० रोजी बहुमताने बांधकामास परवानगी देताना उंचीचा प्रत्येक टप्पा पुनर्वसन व पर्यावरण यांविषयीच्या मंजुरीशी जोडला. न्या. भरुचा यांनी मात्र भिन्न निकालपत्रात, पुरेशा माहितीअभावी दिलेल्या १९८७ च्या मंजुरीचा पुनर्विचार व्हावा आणि तोवर बांधकाम थांबावे, असे मत नोंदविले. पुढे पर्यावरण मंत्रालयाने २००६ साली नेमलेल्या देवेंद्र पांडे समितीने २०१० च्या अहवालात सुरक्षा उपायांतील मोठ्या त्रुटी नोंदवून, त्या दूर होईपर्यंत जलाशयात अधिक पाणी भरू नये, अशी शिफारस केली. जून २०१४ मध्ये दरवाजे बसविण्यास परवानगी मिळाली, २०१७ साली ते बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीस पोहोचला.

या इतिहासातून दोन बाबी स्पष्ट होतात. पहिली अशी की, पडताळणी करणारी यंत्रणा आणि काम पुढे रेटणारी यंत्रणा या एकाच शासनव्यवस्थेच्या शाखा असतील व काम थांबविण्याचे वास्तविक सामर्थ्य पडताळणीत नसेल, तर अहवाल कितीही सडेतोड असला तरी तो दप्तरी दाखल होतो. दुसरी बाब अशी की, उपायाचेही पर्यावरणीय मूल्य असते. विस्थापितांच्या पुनर्वसनासाठी १९९० साली तळोद्याच्या जंगलातील २,७०० हेक्टर जमीन मोकळी करण्यात आली. विस्थापितांना जमीन मिळणे न्याय्यच होते. तथापि एका जंगलाच्या बुडिताची भरपाई दुसऱ्या जंगलाच्या तोडीतून झाली, ही नोंद प्रकल्पाच्या जमाखर्चात ठळकपणे यावयास हवी होती.

४. मोजणी कशाची?

शासनाला पडताळणी जमतच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. जानेवारी २०१८ मध्ये सुरू झालेल्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात महाराष्ट्रातील नंदुरबार, गडचिरोली, वाशीम व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्यांची निवड झाली. ४९ निर्देशकांची माहिती नियमित भरून जिल्ह्यांची क्रमवारी लावण्याची पद्धत या कार्यक्रमाने आणली. आरोग्य व पोषण ३० टक्के, शिक्षण ३० टक्के, कृषी व जलस्रोत २० टक्के, आर्थिक समावेशन व कौशल्य १० टक्के आणि पायाभूत सुविधा १० टक्के असा गुणभार होता. कुपोषण व शाळागळती यांकडे प्रशासनाचे लक्ष सतत वेधून ठेवणे हे या पद्धतीचे सामर्थ्य होय आणि नंदुरबारसाठी ते अल्प नाही.

परंतु कृषी व जलस्रोत या गटातील निर्देशक पाहिले असता सूक्ष्म सिंचनाखालील क्षेत्र, पुनरुज्जीवित जलसाठे, प्रमाणित बियाणे, पीक विमा, जनावरांचे लसीकरण, वाटप केलेल्या मृदा आरोग्य पत्रिका अशी यादी आढळते. पत्रिका किती वाटल्या हे मोजले जाते, मृदेचे आरोग्य सुधारले काय हे मोजले जात नाही. जलसाठ्यांची संख्या येते, त्यात साचलेला गाळ येत नाही. जे मोजले जात नाही त्याची काळजी वाहण्यास कोणत्याही अधिकाऱ्याला कारण उरत नाही.

जलयुक्त शिवार अभियानाचा अनुभव याला पूरक आहे. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या या अभियानावर ९,६३३.७५ कोटी रुपये खर्च झाले. गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडून ते जलपरिपूर्ण करण्याची मूळ कल्पना अत्यंत शास्त्रशुद्ध होती. तरीही भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२० साली विधिमंडळात मांडलेल्या अहवालाने जलपरिपूर्णता व भूजल पातळीतील वाढ या उद्दिष्टांवर अभियानाचा फारसा परिणाम झाला नसल्याचा निष्कर्ष काढला. लेखापरीक्षणासाठी निवडलेल्या सहा जिल्ह्यांत नंदुरबार नव्हता, त्यामुळे तो निष्कर्ष या जिल्ह्याला जसाच्या तसा लावणे योग्य ठरणार नाही. मात्र ही तपासणी खर्च झाल्यानंतर काही वर्षांनी झाली, ही बाब लक्षणीय होय. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून अनेकदा मोजत असते. ती आकडेवारी पुढील वर्षाच्या निधीवाटपाशी जोडली असती, तर दुरुस्ती कामे चालू असतानाच शक्य झाली असती.

५. जिल्हा पर्यावरण आराखडा : दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१९ च्या आदेशाने प्रत्येक जिल्ह्याचा पर्यावरण आराखडा तयार करणे आवश्यक झाले. घनकचरा, पाण्याची गुणवत्ता, घरगुती सांडपाणी, औद्योगिक सांडपाणी, हवेची गुणवत्ता, खाणकाम व ध्वनिप्रदूषण असे त्याच्या नमुन्याचे सात विषय आहेत. शहरी व औद्योगिक जिल्ह्याला हा नमुना उपयुक्त आहे. अक्राणीच्या डोंगरउतारावर मात्र मातीची धूप, वनऱ्हास, आटणारे झरे आणि चराई हे खरे प्रश्न आहेत आणि त्यांना या सात विषयांत स्वतंत्र स्थान नाही. देशभर एकच नमुना लादल्यामुळे ज्या जिल्ह्याचे पर्यावरण म्हणजेच उपजीविका आहे, त्या जिल्ह्याचा आराखडाच मूळ प्रश्नाविषयी अबोल राहतो.

६. उपलब्ध वैधानिक जागा

नवा कायदा झाल्याखेरीज काही करता येणार नाही, हा युक्तिवाद टिकणारा नाही. संविधानाच्या अनुच्छेद २४३ यघ नुसार जिल्हा नियोजन समितीने विकास आराखडा तयार करताना पाणी व नैसर्गिक साधनसंपत्तीची वाटणी आणि पर्यावरण संवर्धन यांचा विचार करावयाचा आहे. पालकमंत्री अध्यक्ष व जिल्हाधिकारी सदस्य-सचिव असलेली ही समिती सर्व विभागांच्या कामांना एकत्र आणणारे जिल्ह्यातील प्रमुख व्यासपीठ होय. प्रणालीला लागणारे ‘कुंपण’ घालण्यास ही समिती समर्थ आहे.

दुसरी जागा ग्रामसभेची. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी हे तालुके संपूर्णतः आणि नंदुरबार व शहादा अंशतः अनुसूचित क्षेत्रात येतात. पेसा कायदा, १९९६ च्या कलम ४ नुसार विकास योजना अंमलबजावणीपूर्वी ग्रामसभेने मान्य करावयाच्या आहेत आणि त्यांवरील खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र पंचायतीने ग्रामसभेकडून घ्यावयाचे आहे. महाराष्ट्राचे पेसा नियम २०१४ साली आले आणि २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के अबंध निधी पेसा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट देण्याचे धोरण अवलंबिण्यात आले. योजनेची मान्यता हा चक्राचा आरंभ आणि उपयोगिता प्रमाणपत्र ही त्याची पडताळणी. या दोन्ही पायऱ्या कायद्याने बाधित लोकांच्याच हाती दिल्या आहेत. सरदार सरोवरात जे नव्हते, ते येथे आहे, कारण पडताळणी करणारा हा काम करणाऱ्या विभागाचा भाग नाही. मात्र ही तरतूद पंचायतीच्या खर्चापुरती मर्यादित असून वन, बांधकाम व जलसंधारण विभागांची कामे तिच्या बाहेर राहतात, हे मान्य केले पाहिजे.

७. एक आक्षेप

रस्ता, वीज व दवाखाना अद्याप नीट न पोहोचलेल्या पाड्यांवर पर्यावरणाच्या नावाने आणखी एक ना-हरकत लादणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. तो गंभीर आहे. वन कायद्याच्या अटींचा जाच आदिवासींनीच सर्वाधिक सोसला आहे. म्हणून प्रस्तावित पद्धत ही पूर्वपरवानगीची नवी पायरी असू नये. काम विनाविलंब सुरू व्हावे. तपासणी व्हावी ती कामाच्या परिणामाची, आणि अडावा तो पुढच्या वर्षीचा निधी व ठेकेदाराचे अंतिम देयक. भार गावावर न पडता विभागावर पडला पाहिजे.

८. निष्कर्ष व सूचना

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, नंदुरबारमध्ये अटी, समित्या व आकडेवारी यांची वाण नाही. वाण आहे ती पडताळणीला निधीशी जोडण्याची. या दृष्टीने पुढील सूचना करता येतील.

१) जिल्हा नियोजन समितीने विभागनिहाय कामांऐवजी पाणलोटनिहाय कामांचा एकत्रित नकाशा व हिशेब वार्षिक आराखड्यास जोडावा.

२) विहिरींची पातळी, बंधाऱ्यातील गाळ, लावलेल्यांपैकी जगलेली झाडे आणि झरे वाहण्याचे महिने असे गावाला स्वतः मोजता येतील असे मोजके निर्देशक ठरवावेत.

३) अनुसूचित क्षेत्रातील सर्व विभागांच्या कामांना ग्रामसभेचे परिणाम-प्रमाणपत्र लागू करावे व ते नसल्यास अंतिम देयक रोखावे.

४) ग्रामसभेतील माहिती भिली, पावरी इत्यादी लोकभाषांत तोंडी सांगितली जावी. न समजलेल्या कागदावरील अंगठा ही पडताळणी नव्हे.

५) महाविद्यालयांच्या भूगोल, वनस्पतिशास्त्र व अर्थशास्त्र विभागांनी या मोजमापात ग्रामसभांना तांत्रिक साहाय्य द्यावे.

आयएसओचे प्रमाणपत्र कार्यालयाच्या भिंतीवर लावता येते. सातपुड्याच्या उतारावरची माती टिकली की नाही, हे मात्र त्या उतारावर नांगर धरणाराच सांगू शकतो. त्याच्या साक्षीला निधी अडविण्याचे बळ मिळेल, तेव्हाच सार्वजनिक पैशाच्या विकासाला पर्यावरण व्यवस्थापनाची प्रणाली लाभली असे म्हणता येईल.