जमेची बाजू

मी बँकेतला कारकून. पुस्तक हाती आलं की आधी त्याचा ताळेबंद दिसतो. समलिंगी माणसांच्या चित्रकथा छापणारा छोटा प्रकाशक म्हणजे आमच्या भाषेत बुडीत खातंच! तरी अमेरिकेत १९८० साली डेनिस किचन यांनी ‘गे कॉमिक्स’ काढलं. मुंबईत १९९० साली अशोक राव कवींनी ‘बॉम्बे दोस्त’ नियतकालिक सुरू केलं. हिशेब करून असले उद्योग होत नाहीत.

अमृता पाटील यांच्या ‘कारी’ला (२००८) मात्र हार्परकॉलिन्ससारखा बडा प्रकाशक लाभला. एकमेकींवर प्रेम करणाऱ्या दोघी इमारतींवरून उड्या टाकतात. कारी गटारात पडून वाचते. मुंबईच्या गटाराने केलेलं हे एकमेव सत्कार्य असावं! मजकूर मधूनमधून जड होतो, पण चित्रं बोलकी आहेत आणि दुःखाचं भांडवल कुठेच नाही.

लालबागच्या चाळीत कादंबरी लपवून वाचता येते. चित्र मात्र गॅलरीतून जाणाऱ्या काकूंनाही दिसतं. म्हणून अशी पुस्तकं काढायला छाती लागते. मराठीत कुणी ती काढील, त्याला नफा होईलसं वाटत नाही. पण एखादी मुलगी पान उलटताना म्हणेल, “अगं बाई, ही तर मीच!” ही रक्कम कुठल्या रकान्यात मांडायची, ते बी.कॉम.ला शिकवत नाहीत.