कुत्र्याचे तिकीट

जुन्या ब्रिटिश रेल्वेच्या भित्तिपत्रकांना अलीकडे पुन्हा भाव आला आहे. यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ती हजारोंनी जपून ठेवलेली आहेत. त्यांच्या प्रती दिनदर्शिकांवर, चहाच्या कपांवर आणि आपल्याकडच्या पांढरपेशा दिवाणखान्यांतही दिसू लागल्या आहेत. त्यांतला एक प्रकार असा, की प्रवासाला निघताना आपला कुत्राही बरोबर घ्या, असे तो प्रवाशांना आर्जवाने सांगतो. वर्गात ही चित्रे दाखवली की मागच्या बाकावरून हमखास एक वाक्य येते : "सर, साहेबाच्या कुत्र्यालासुद्धा तिकीट होते, आणि आपल्या बापजाद्यांना पाणी नव्हते." वाक्य खरे आहे. परंतु ते जेथे थांबते तेथे आपण थांबू नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

ही चित्रे कशासाठी निघाली, ते आधी पाहिले पाहिजे. १९२१ च्या कायद्याने ब्रिटनमधील शंभरावर लहानमोठ्या रेल्वे कंपन्यांचे एकत्रीकरण झाले आणि १९२३ पासून चार मोठ्या कंपन्या उरल्या. पहिल्या महायुद्धानंतर रस्त्यावर मोटारी आणि बसगाड्या वाढल्या होत्या. रेल्वेचा प्रवासी हातचा जाऊ लागला होता. त्याला परत ओढण्यासाठी कंपन्यांनी टॉम पर्विस, फ्रँक न्यूबोल्ड यांच्यासारखे चित्रकार हाताशी धरले. मोजके सपाट रंग, मोठे आकार, चार शब्द. चित्रकला म्हणून हे काम पहिल्या प्रतीचे आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. आता घरात कुत्रा असलेल्या कुटुंबापुढे सुटीच्या दिवसांत एकच अडचण उभी राहते : ह्याला ठेवायचे कुणाकडे? मोटार घेतली तर तो मागच्या सीटवर बसतो. ही अडचण आमच्याकडेही नाही, असे रेल्वेला सांगावे लागले. कुत्र्याला वाचता येत नाही हे कंपनीला ठाऊक होतेच. चित्र कुत्र्याचे असते, बोलणे मालकाशी चालते.

आणि हा मालक कोण? १८७८ पासून ब्रिटनमध्ये कुत्रा पाळायचा तर वर्षाला साडेसात शिलिंग भरून परवाना घ्यावा लागे; तो परवाना १९८७ मध्ये रद्द झाला. त्यावर प्रवासात कुत्र्याचे तिकीट वेगळे. समुद्रकिनारी आठवडाभर राहण्याची ऐपत आणि सवड ज्याला आहे, त्याच्याच घरी हे निमंत्रण जात होते. भरपगारी सुटीचा कायदा ब्रिटनमध्ये १९३८ साली झाला. तोपर्यंत तिथल्या असंख्य कामगारांच्या बाबतीत सुटी म्हणजे बुडालेली मजुरी. म्हणजे मालकाचा कुत्रा सुटीवर जाऊन परत आला, तरी ज्याने त्या इंजिनात कोळसा लोटला त्याची सुटी कायद्यात यायची होती.

ह्या प्रेमळ चित्रांच्या पलीकडे एक खरा कुत्राही आहे. त्याचे नाव जिम. इंग्लंडातील स्लाव स्थानकावर पाठीवर पेटी बांधून तो फिरे आणि ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या कामगारांच्या विधवा व अनाथ मुलांसाठीच्या निधीकरिता पैसे गोळा करी. १८९६ मध्ये तो मेला. त्याचे कातडे भरून काचेच्या कपाटात स्थानकावर ठेवले आहे. लोक कौतुकाने पाहतात. कौतुक खुशाल करावे. पण रुळावर आणि यार्डात मेलेल्या माणसाच्या बायकापोरांचे पोट कुत्र्याच्या पेटीत पडणाऱ्या नाण्यांवर का अवलंबून ठेवावे लागले, हे त्या काचेला कोण विचारणार?

रेल्वे ही नुसती वाहून नेणारी यंत्रणा नाही, वर्गवारी करणारी यंत्रणा आहे. १८६९ साली 'पंच' ह्या विनोदी साप्ताहिकात चार्ल्स कीनचे एक व्यंगचित्र आले होते. एक बाई बरीच जनावरे घेऊन प्रवासाला निघाली आहे. पोर्टर तिला स्टेशनमास्तरचा निर्णय ऐकवतो : मांजर हा कुत्रा धरायचा, ससा हाही कुत्रा, पोपटसुद्धा कुत्राच, कासव मात्र किडा आहे, त्याला आकार नाही. इंग्रज वाचक ह्यावर हसला. स्टेशनमास्तर कुणाला कशात धरील ह्याचा नेम नाही, ही गंमत आपल्याला मात्र हसून सोडून देता येत नाही. १९०१ साली बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरची मुले वडिलांकडे गोरेगावला जाण्यासाठी मसूर स्थानकावर उतरली. चांगले कपडे, रीतसर तिकीट, जवळ पैसे. स्टेशनमास्तर आस्थेने चौकशी करीत होता. मुलांनी जात सांगितली आणि तो मागे सरला. दुप्पट भाडे कबूल केले तेव्हा कुठे बैलगाडी मिळाली, तीही गाडी मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार ह्या अटीवर. तिकिटाने त्यांना फलाटापर्यंत आणले. फलाटापुढे तिकीट चालेना.

त्या वेळच्या हिंदुस्थानात १८९० चा रेल्वे कायदा लागू होता. वाहतुकीत जनावर दगावले तर कंपनीने किती भरपाई द्यायची ह्याची मर्यादा त्यात आहे : जादा किंमत आधी जाहीर केली नसेल, तर हत्ती किंवा घोडा पाचशे रुपये, उंट व शिंगाची गुरे पन्नास, गाढव-मेंढी-शेळी-कुत्रा दहा. कुत्र्याची किंमत कायद्याने लिहून ठेवली होती, कारण त्याच्यामागे मालक होता. फिर्याद मालकाची, भरपाई मालकाची. आजही आपल्याकडे वातानुकूलित पहिल्या वर्गाची अख्खी खोली आरक्षित केली तर कुत्रा मालकाशेजारी बसतो, नाहीतर गार्डच्या डब्यातील पेटीत जातो. कुत्रा तोच असतो. फरक मालकाच्या खिशाचा.

येथे आपल्या साहित्याविषयी थोडे बोलले पाहिजे. 'आम्हांला कुत्र्यापेक्षाही हीन वागवले' हे वाक्य आपल्या कवितांत, आत्मकथनांत, भाषणांत इतक्या वेळा येते की आता ते उसाशासारखे सुटते. महाडच्या १९२७ च्या लढ्यातही ही तुलना होती. परंतु तेथे ती उसासा नव्हती, पुरावा होती. ज्या तळ्याचे पाणी कुत्र्या-गुरांच्या तोंडाने बाटत नाही ते माणसाच्या ओंजळीने बाटते, म्हणजे प्रश्न स्वच्छतेचा नाही, समतेच्या नकाराचा आहे, हे त्या तुलनेने सिद्ध होत होते. आपण तो पुरावा सोडला आणि नुसती वेदना ठेवली. मला हे घातक वाटते. कारण ह्या भित्तिपत्रकांतला कुत्रा मानाने जातो तो पट्टा गळ्यात आहे म्हणून. त्याचा मान हा मालकाचा मान. त्याच्याशी बरोबरी मागणे म्हणजे नकळत एखादा दयाळू मालक मागणे होय. आपल्या लिहित्या मित्रांना हे कठोर वाटेल, वाटू द्यावे.

कुत्र्याऐवजी पोर्टरकडे पाहावे, असे मी म्हणतो. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या दलित वर्ग कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू, हे त्या भाषणातले सूत्र सर्वांना पाठ असते. त्याच भाषणातला एक तपशील सहसा कुणी सांगत नाही. अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून भरती होतो आणि गँगमनच राहतो; त्याला पोर्टरसुद्धा होता येत नाही, असे बाबासाहेबांनी दाखवून दिले. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामेही करावी लागत आणि स्टेशनमास्तर बहुधा सवर्ण. मसूरला मागे सरलेला माणूस येथे नोकऱ्या अडवून बसलेला दिसतो. ओझी उचलण्याच्या कामालाही सोवळे लागत होते! वर्णव्यवस्था श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी करते, ह्याचे याहून साधे उदाहरण मला ठाऊक नाही. माझे आजोबा ह्याच मार्गावर गँगमन होते, स्वातंत्र्यानंतरच्या काळात. त्यांच्या घरातला पहिला पदवीधर मी. पण त्यांच्या गँगमध्ये कोणकोणत्या वस्त्यांतली माणसे होती, हे सांगायला त्यांना पदवी लागत नसे.

ब्रिटिश भित्तिपत्रकांत रुळावर राबणारा माणूस फारसा येत नाही. एक अपवाद मला माहीत आहे. १९२४ मध्ये एल. एम. एस. कंपनीने रॉयल अकादमीच्या चित्रकारांकडून एक मालिका करून घेतली. तिच्यात स्टॅनहोप फोर्ब्ज यांनी रूळ बदलणाऱ्या कामगारांची टोळी रंगवली. ते चित्र मी आता वर्गात कुत्र्याच्या चित्राशेजारी ठेवतो. मागच्या बाकावरचा आवाज मग निराळे प्रश्न विचारतो : टोळीत माणसे किती, मुकादम कोणता, आणि गाडी आली की ही माणसे उभी राहतात कुठे?