साडी, संक्रांत आणि सहावीचा धडा

आज एका धड्याविषयी लिहितेय. खरं तर दोन धड्यांविषयी. दोन्ही एनसीईआरटीच्या सहावीच्या पुस्तकातले, दोन्हींचा विषय भारतातली विविधता. एक 2006 साली आलेल्या 'सोशल अँड पॉलिटिकल लाइफ' या पुस्तकातला आणि दुसरा 2024 च्या जुलैमध्ये आलेल्या 'एक्स्प्लोअरिंग सोसायटी: इंडिया अँड बियाँड' या पुस्तकातला. आपल्याकडच्या सीबीएसई शाळांमधली कितीतरी मराठी मुलं आता हा दुसरा धडा शिकतात, म्हणून हा विषय दिल्लीपुरता नाही.

आधी एक संज्ञा समजून घेऊ. शिक्षणाच्या संशोधनात 'कल्चरल कॉम्पिटन्स' म्हणतात, त्याला मी मराठीत 'सांस्कृतिक जाण' म्हणेन. ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज या अमेरिकन संशोधिकेने 1995 मध्ये मांडलेल्या विचारात ही कल्पना महत्त्वाची आहे. मुलाने आपली भाषा, आपलं घर, आपली माणसं न सोडता दुसऱ्यांच्या जगातही नीट वावरता येणं, असा साधारण अर्थ. त्याच मांडणीत याच्या जोडीला आणखी एक गोष्ट येते: समाजात जे अन्याय्य आहे ते ओळखता येणं. ही दुसरी गोष्ट गाळली की उरतं ते फक्त सामान्यज्ञान. तुम्हाला दहा राज्यांचे सण पाठ असतील, पण शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या डब्याला कोणी नाक मुरडलं तर काय करायचं ते ठाऊक नसेल.

आता धडे पाहू. नव्या धड्याचं नाव साधारण 'विविधतेतील एकता, किंवा एकात अनेक' असं आहे. धडा देखणा आहे, आणि हे मी उपरोधाने म्हणत नाही. पीपल ऑफ इंडिया या सर्वेक्षणातले 4635 समुदाय आणि 325 भाषा हे आकडे आहेत. धान्यं प्रदेशानुसार कशी बदलतात ते आहे. साडी एकच, पण तिचे प्रकार आणि नेसण्याच्या तऱ्हा किती, हे आहे. संक्रांतीच्या सुमारास देशभर साजऱ्या होणाऱ्या सणांची वेगवेगळी नावं आहेत. रामायण-महाभारताच्या कथा भिल्ल, गोंड, मुंडा अशा समाजांनी आपापल्या परीने कशा सांगितल्या, हेही आहे. हा शेवटचा भाग मला मनापासून आवडला.

मग अडतं कुठे? या धड्यात विविधता आहे, पण तिच्यामुळे कोणाला काही सोसावं लागलं, असं कुठे दिसत नाही. सगळे वेगळे आणि सगळे मजेत!

जुन्या पुस्तकात दोन समीरांची गोष्ट होती. एक समीर सिग्नलवर पेपर विकणारा, दुसरा शाळेत जाणारा आणि इंग्रजी बोलणारा. दोघांची मैत्री होते. मग पुस्तक विचारायचं, या दोघांत फक्त फरक आहे का? भाषा वेगळी हा फरक, पण एकाला शाळा मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही, ही विषमता. अकरा वर्षांच्या मुलाला एवढा भेद शिकवणं ही मोठीच गोष्ट आहे.

पुढच्याच धड्यात पूर्वग्रह, साचेबंद प्रतिमा आणि डॉ. आंबेडकरांचा लहानपणचा अनुभव होता. साल 1901, वय जेमतेम नऊ-दहा. भावंडांबरोबर वडिलांना भेटायला कोरेगावला निघालेली, छान कपडे केलेली मुलं. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने चौकशी करतात, आणि जात कळताच त्यांचा चेहरा बदलतो. दुप्पट भाडं देऊ केलं तरी बैलगाडीवाले तयार होईनात. ही आपल्या सातारा भागातली घटना, आणि ज्याच्यावर ती गुदरली तो मुलगा धडा वाचणाऱ्यांपेक्षाही लहान होता. नव्या धड्यात अशा कुठल्याच अनुभवाला जागा नाही.

तुम्ही म्हणाल, बरंच झालं की! मुलं निरागस असतात, त्यांच्या डोक्यात कशाला भरवायचं हे? शिक्षकांकडून आणि पालकांकडून मी हा आक्षेप वारंवार ऐकते. तो प्रामाणिक असतो, म्हणून त्याला उत्तरही पुराव्यानेच द्यायला हवं.

पहिला पुरावा मॅककाउन आणि वाइनस्टाइन यांचा, 2003 चा. अमेरिकेतल्या सहा ते दहा वर्षांच्या मुलांचा त्यांनी अभ्यास केला. 'अमुक गटाबद्दल लोक असं असं समजतात' ही जाणीव याच वयात झपाट्याने वाढते, असं त्यांना दिसलं. ज्या गटांना हिणवलं जातं, त्या गटांतल्या मुलांना ती आधी येते. म्हणजे सहावीचं पुस्तक हातात पडेपर्यंत ही 'निरागसता' बरीचशी संपलेली असते. पुस्तक गप्प राहिलं तरी मुलाला माहीत असतंच. मोठी माणसं यावर बोलत नाहीत, एवढंच काय ते त्याला नव्याने कळतं.

दुसरा पुरावा आपल्या प्रश्नाच्या आणखी जवळचा आहे. ह्यूज, बिग्लर आणि लेव्ही यांनी 2007 मध्ये मुलांना प्रसिद्ध कृष्णवर्णीय अमेरिकन व्यक्तींची चरित्रं शिकवली. एका गटाला फक्त कर्तृत्व सांगितलं. दुसऱ्या गटाला कर्तृत्व आणि त्या व्यक्तींना सोसावा लागलेला वर्णभेद, दोन्ही सांगितलं. वर्णभेदाबद्दल ऐकलेल्या गोऱ्या मुलांची कृष्णवर्णीयांविषयीची मतं नुसतं कर्तृत्व ऐकलेल्या गोऱ्या मुलांपेक्षा अधिक चांगली निघाली. कृष्णवर्णीय मुलांच्या मतांमध्ये दोन गटांत असा फरक दिसला नाही.

इथे जरा थांबायला हवं. नमुना लहान, मुलं सहा ते अकरा वर्षांची, देश वेगळा. शिवाय वर्ण म्हणजे जात नव्हे. विज्ञानात एमएस्सी केलेल्या माझ्यासारखीला एका अभ्यासावरून निष्कर्षाची उडी मारताना धडकी भरते. पण 'भेदभाव शिकवला तर भेदभाव वाढेल' ही भीती गृहीत धरून धडे गाळायचे असतील, तर तिच्या बाजूनेही काही पुरावा हवा. इथे तरी तो उलट बाजूला झुकतोय.

मग जुना धडा परिपूर्ण होता का? नाही. जुना धडा प्रश्न चांगले विचारायचा, पण अखेर तो वाचायचाच धडा होता. वाचून झालं, स्वाध्याय लिहिला, पुढचं पान. आणि वाचनाने जे होत नाही ते सोबतीने होतं, असं दिल्लीतलं एक संशोधन सांगतं.

2007 पासून दिल्लीत सरकारी जमिनीवरच्या अनेक खासगी शाळांना गरीब मुलांसाठी जागा राखाव्या लागल्या. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने त्याचा सधन मुलांवर काय परिणाम झाला ते तपासलं (2019, अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू). गरीब वर्गमित्र असलेली सधन मुलं अधिक उदार झाली. रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडताना गरीब मुलांना डावलण्याचं प्रमाण कमी झालं. हिंदी आणि गणिताच्या गुणांना धक्का लागला नाही, इंग्रजीचे थोडे घसरले.

त्यातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. काही शाळांमध्ये अभ्यासगट पहिल्या नावाच्या आद्याक्षरांवरून पाडले जात. म्हणजे कोण कोणाबरोबर बसणार हे निव्वळ नावावर ठरायचं. त्यावरून राव यांना दिसलं की एका वर्गात नुसतं असण्यापेक्षा एका गटात मिळून काम करण्याचा वाटा मोठा आहे. आपल्याकडे बऱ्याच शाळांत हजेरी आडनावाने असते. पहिल्या नावाने गट पाडायला एक रुपयाही लागत नाही!

या अभ्यासाची मर्यादाही सांगते. त्याने मुख्यतः सधन मुलांमधला बदल मोजला. गरीब मुलांना त्या वर्गात कसं वाटलं, हा प्रश्न तसाच राहतो, आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा आहे. म्हणूनच शिक्षकांना एक कळकळीची विनंती: 'तुमच्यात हे कसं असतं गं, सांग वर्गाला' असं कोणाही एका मुलीला उभं करून विचारू नका. ती तिच्या समाजाची प्रवक्ती नाही, ती सहावीत आहे.

त्याऐवजी जिगसॉ पद्धत वापरून पाहा. एलियट अ‍ॅरनसन यांनी 1971 मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात ती सुरू केली. तिथे गोरी, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं नुकतीच एका वर्गात आली होती आणि वातावरण तापलेलं होतं. यात धड्याचे तुकडे करतात, गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा मिळतो, आणि पूर्ण धडा समजायचा तर बाकीच्यांचं नीट ऐकावंच लागतं. नव्या पुस्तकातला साडीचा भागही असा शिकवता येईल. एकाकडे कापूस, दुसरीकडे विणकर, तिसऱ्याकडे व्यापार, आणि चौथीकडे हा प्रश्न: पूर्वी काही बायकांना हवं ते नेसायला मनाई का होती?

चौथा तुकडा पुस्तकात नाही. तो शिक्षकालाच आणावा लागेल, आणि माझी खरी तक्रार हीच आहे. पुस्तकात असलेली गोष्ट शिकवताना शिक्षकाच्या पाठीशी पुस्तक असतं. नसलेली शिकवताना तो एकटा असतो, आणि एखाद्या पालकाने तक्रार केली तर त्याच्याकडे दाखवायला पान नसतं.

तुमच्या घरी सहावीतलं मूल असेल तर हा धडा त्याच्याबरोबर वाचा आणि विचारा, यात काय राहून गेलंय असं तुला वाटतं? आणि तुम्ही सहावीला शिकवत असाल तर मुलं या धड्यावर कोणते प्रश्न विचारतात, ते मला जरूर कळवा. मला उत्तरांपेक्षा ते प्रश्नच हवे आहेत.